निदान बदलताना: ‘बायपोलर’ ठरलेल्या एका मुलीचे प्रकरण

## पार्श्वभूमी

ऋता आमच्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. हे तिचे खरे नाव नाही, आणि ओळख पटेल असे इतर तपशीलही बदलले आहेत. सोबत आईबाबा होते आणि एक जाडजूड फाइल होती. फाइलच्या पहिल्याच पानावर ‘बायपोलर डिसऑर्डर’ (कधी अति उत्साहाचा, कधी खोल नैराश्याचा काळ येणारा मानसिक आजार) असे निदान होते आणि त्याला अकरा महिने उलटले होते. तेव्हापासून ती ओलान्झापिन (मन शांत करणारे) आणि सोडियम व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारे) अशी दोन औषधे रोज घेत होती.

निदानाबद्दल आईबाबांची काहीच तक्रार नव्हती. ‘औषधं नियमित चालू आहेत, पण पोरगी दिवसभर पेंगते. वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणते. डोस कमी करता येईल का?’ एवढेच त्यांना विचारायचे होते. अकरा महिन्यांत तिचे वजन १४ किलोंनी वाढले होते आणि पाळी अनियमित झाली होती. उपचार सुरू करण्यापूर्वीचे वजन, रक्तातील साखर, चरबी यांची नोंद फाइलमध्ये सापडली नाही. वजनवाढीचा आकडा आम्हाला शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावरून काढावा लागला.

हे निदान कसे झाले, ते असे. चौदाव्या वर्षी ऋता शाळा टाळू लागली. सकाळी छातीत धडधड व्हायची, रात्री झोप लागायची नाही, कारण नसताना रडू यायचे. एका डॉक्टरांनी नैराश्य आणि चिंता असे निदान करून सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले आणि दहा दिवसांत डोस दुप्पट केला. पुढच्या आठवड्यात ती अस्वस्थ झाली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरात येरझाऱ्या, तोंडाची टकळी चालू, आईवर हात उगारणे, मोबाइल भिंतीवर आपटून फोडणे. घाबरून घरच्यांनी तिला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. घरात कोणाला मानसिक आजार आहे का, असे विचारल्यावर आईने सांगितले की तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे ऋताच्या मामाला, बायपोलर आहे. अर्ध्या तासाच्या त्या भेटीत निदान झाले आणि औषधे सुरू झाली.

## निदान पुन्हा का तपासले

त्या डॉक्टरांचा तर्क समजण्यासारखा होता. बायपोलरची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत नैराश्यावरच्या औषधाने उन्माद, म्हणजे मेनिया, उसळू शकतो. सख्ख्या मामाला आजार आहे. मुलगी झोपत नाही, बडबडते, वस्तू फोडते. शिवाय ओलान्झापिन सुरू झाल्यावर ती शांत झाली. सगळे धागे एकाच दिशेने जात होते, आणि समोर घाबरलेले कुटुंब बसलेले असताना ‘थोडे थांबू’ म्हणणे सोपे नसते.

पण हे सगळे सुरू होण्याआधी ऋता कशी होती, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. बायपोलरच्या निदानात कळीचा प्रश्न हाच असतो. मूड किती तीव्र आहे यावर हे निदान ठरत नाही. तो त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीपासून कधी सुटला आणि किती दिवस सुटलेला राहिला, यावर ठरते. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या निकषांप्रमाणे मेनियासाठी किमान सात दिवस आणि हायपोमेनियासाठी, म्हणजे त्याच्या सौम्य रूपासाठी, किमान चार दिवस, दिवसाचा बहुतांश वेळ, मूड आणि अंगातली शक्ती दोन्ही ठळकपणे बदललेली असावी लागतात. सोबत झोपेची गरज घटणे, विचारांची धाव, स्वतःबद्दल अवास्तव मोठेपणा अशांपैकी किमान तीन लक्षणे हवीत, आणि मूड फक्त चिडचिडा असेल तर चार. अशा सुरुवात-शेवट असलेल्या काळाला आम्ही एपिसोड म्हणतो. वर्षानुवर्षे रोज चिडणारे मूल कितीही त्रासदायक वाटले, तरी एपिसोड दाखवता येत नसेल तर त्याला बायपोलर म्हणायला आधार राहत नाही.

या मुद्द्यावर मानसोपचारशास्त्र स्वतःच एकदा वाहवत गेले होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत असा मतप्रवाह जोर धरू लागला की मुलांमध्ये मेनिया एपिसोडच्या रूपात न येता कायमच्या चिडचिडीच्या रूपात येतो. परिणाम आकड्यांत दिसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, १९ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डॉक्टरभेटींमध्ये बायपोलरचे निदान १९९४-९५ मध्ये दर १,००,००० लोकसंख्येमागे २५ होते, ते २००२-०३ मध्ये १,००३ झाले. आठ वर्षांत चाळीसपट. कोणताही मेंदूचा आजार इतक्या वेगाने वाढत नाही, व्याख्या सैल झाली की आकडे असे वाढतात. पुढे अमेरिकी संशोधक एलेन लायबेनलुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायम चिडचिड असलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा ही मुले मोठी होताना बायपोलरपेक्षा नैराश्य आणि चिंतेकडे जास्त वळतात असे दिसले. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये अशा मुलांसाठी वेगळे निदान आले, ते काही अंशी ही लाट थोपवण्यासाठीच. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे तर आणखी कडक आहेत: मुलांमध्ये चिडचिड हे गाभ्याचे लक्षण धरू नये, किमान सात दिवस बहुतांश वेळ उल्हसित मूड असावा, आणि नैराश्यासोबत घराण्यात बायपोलर आहे एवढ्यावरून निदान करू नये.

ऋताच्या बाबतीत नेमके हेच दोन दुवे वापरले गेले होते: चिडचिड आणि मामा.

## माहितीची जुळवाजुळव

औषधांना हात लावण्यापूर्वी आम्ही काही आठवडे फक्त माहिती गोळा केली. आईबाबांना ते पटत नव्हते. त्यांना पेंग लगेच कमी व्हायला हवी होती.

पहिला ऐवज मिळाला तो शाळेच्या प्रगतिपुस्तकांतून. दुसरीपासूनची सगळी आईने जपून ठेवली होती. दुसरीत: ‘हुशार आहे, पण काम अर्धवट सोडते.’ चौथीत: ‘वर्गात लक्ष नसते, वस्तू हरवते.’ सहावीत: ‘क्षमता आहे, एकाग्रता वाढवावी.’ सातवीत, वेगळ्या बाईंच्या अक्षरात: ‘लहान कारणावरून रडते, पटकन चिडते.’ लिहिणाऱ्या शिक्षिका बदलल्या, मजकूर जवळपास तोच राहिला. आठ-नऊ वर्षांच्या ओळीत कुठेही ‘अचानक बदलली’ असे नव्हते. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याच्या विकाराचा, विचार आधी कोणी केला नव्हता, कारण ती वर्गात धावत नव्हती, शांतपणे खिडकीबाहेर पाहत होती. मुलींमधला एडीएचडी असाच निसटतो.

दुसरा ऐवज आईच्या मोबाइलमध्ये होता. ऋता सर्ट्रालिनवर अस्वस्थ होती त्या काळात आई आपल्या बहिणीला रोज मेसेज करत होती. शुक्रवारी: ‘गोळी आजपासून बंद केली मी, काय व्हायचं ते होऊ दे.’ सोमवारी: ‘काल जरा झोपली.’ मंगळवारी सकाळी: ‘नऊ तास झोपली ग! उठून स्वतःहून आवरलं.’ आणि त्याच दिवशी दुपारी: ‘उद्याची वेळ मिळाली डॉक्टरांची.’ म्हणजे ओलान्झापिनची पहिली गोळी बुधवारी रात्री पोटात गेली, तर झोप सोमवारच्या रात्रीच परतली होती. औषधाने ती शांत झाली, हा निदानाचा मोठा आधार होता. तो या तीन-चार मेसेजनी निखळला. खरे तर तो आधार मुळातच कच्चा होता. ओलान्झापिन कोणालाही शांत करते आणि झोपवते, त्यावरून आजाराचे नाव ठरत नाही. कोणाशी न बोलता गोळी एकदम बंद करणे धोक्याचे असते, हेही आम्ही आईला समजावले. पण त्या नोंदी नसत्या तर हा क्रम कधीच कळला नसता.

तिसरी गोष्ट खुद्द ऋताने सांगितली. त्या रात्रींबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, ‘मला झोपायचं होतं हो. डोळे जळत होते. पण अंगात मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, एका जागी बसवतच नव्हतं.’ झोप न लागणे आणि झोपेची गरज न वाटणे यांत मोठा फरक आहे. मेनियात माणूस दोन-तीन तास झोपून ताजातवाना उठतो. ऋता थकलेली होती, झोपेसाठी रडत होती. डोस लवकर वाढवल्यावर किशोरवयीन मुलांत अशी तगमग दिसू शकते. डीएसएम-५ मध्येही स्पष्ट इशारा आहे की नैराश्यावरील औषधानंतर दिसणारी नुसती चिडचिड, तगमग अशी एकदोन लक्षणे हायपोमेनिया म्हणून धरू नयेत.

चौथी व्यक्ती मामा. कुटुंबाच्या संमतीने ते स्वतः आले. गेली कित्येक वर्षे लिथियम या बायपोलरवरच्या औषधावर व्यवस्थित असलेले, शांत बोलणारे गृहस्थ. पहिला एपिसोड बाविसाव्या वर्षी आला असे त्यांनी सांगितले. ‘आठवडाभर रोज दोन तास झोपत होतो आणि इतकं फ्रेश आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. एका रात्रीत तीन धंद्यांचे आराखडे काढले. मला कोणी थांबवतंय याचंच हसू यायचं. त्याआधी मी अगदी साधा, अबोल मुलगा होतो.’ ऋताच्या आईने आपल्या लाडक्या दादाला दोनदा रुग्णालयात दाखल होताना पाहिले होते. मुलीच्या प्रत्येक संतापात तिला तोच दादा दिसत होता. मामाचे वर्णन ऐकताना तिने पहिल्यांदाच दोघांची तुलना केली आणि म्हणाली, ‘ऋता अशी कधीच नव्हती. ती नेहमीच अशी आहे.’

थायरॉइडची तपासणी, व्यसनाबद्दल एकांतात चौकशी, फिट्सचा इतिहास हेही पाहिले. काही निघाले नाही. रागाचे उद्रेक आठवड्यातून एकदोनदा, फक्त घरी, आणि मधल्या काळात मूड चांगला. त्यामुळे डीएसएम-५ मधले ते नवे निदानही तिला लागू पडत नव्हते. एक शिक्का काढून घाईने दुसरा मारायचा नाही, हे आम्ही ठरवले होते.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय: आहे ते निदान आणि औषधे चालू ठेवून फक्त डोस कमी करायचे. मामाचा इतिहास पाहता कोणी याला निष्काळजी म्हटले नसते. पण दुष्परिणाम रोज वाढत होते, आणि मुख्य त्रासावर उपचार होतच नव्हता.

दुसरा: निदान चुकीचे ठरवून सगळे बंद करायचे. बाबांना हा पर्याय ऐकताच हवा होता. मात्र एकदम औषध थांबवल्यावर झोप बिघडते, अस्वस्थता येते, आणि तिलाच पुन्हा मेनिया समजले जाण्याची दाट शक्यता असते. शिवाय बायपोलर पुढे कधीच होणार नाही, अशी हमी पंधराव्या वर्षी कोणीही देऊ शकत नाही. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो, आणि अनेकदा त्याची पहिली खूण नैराश्य असते.

तिसरा: निदान ‘तपासाधीन’ ठेवायचे, एका वेळी एकच औषध हळूहळू कमी करायचे, मूड आणि झोपेची रोजची नोंद ठेवायची, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणती खूण दिसली तर थांबायचे हे आधीच लिहून ठेवायचे. आम्ही हा निवडला. तो सर्वांत कंटाळवाणा होता आणि त्यात सगळ्यांनाच अनिश्चितता सोसावी लागणार होती.

## काय केले

आधी व्हॅल्प्रोएट. कारण सरळ होते. गरोदरपणात हे औषध घेतले गेल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आणि तीन-चार मुलांत विकासाच्या अडचणी दिसतात. पाळी सुरू झालेल्या मुलीला ते द्यायचे तर दुसरा मार्ग नाही असे आधी ठरावे लागते आणि धोका समजावून सांगावा लागतो. ऋताला किंवा तिच्या आईला याची काहीच कल्पना नव्हती. सहा आठवड्यांत ते बंद झाले, विशेष काही झाले नाही.

ओलान्झापिन कमी करताना खरी कसोटी लागली. डोस साडेसातवरून पाच मिलिग्रॅमवर आणला आणि तिसऱ्या रात्री बाबांचा फोन आला: ‘परत सुरू झालं. झोपत नाही, आरडाओरडा करते. जुना डोस देऊ का?’ त्या क्षणी डोस वाढवला असता तर घरात कायमचा समज झाला असता की औषध काढले की आजार उसळतो. आम्ही आधी चौकशी केली. दिवसा थकलेली आहे का? हो. खूश आहे का, बेत आखते आहे का? नाही, रडते आहे. झोप हवी आहे का? हो, ‘मला झोपवा’ म्हणते. ओलान्झापिन शरीरातील हिस्टामिनला अडवून झोप आणते, त्यामुळे ते कमी झाले की झोप काही दिवस मोडते. आम्ही डोस वाढवला नाही आणि आणखी कमीही केला नाही. पाच मिलिग्रॅमवरच तीन आठवडे थांबलो, बाबांनी रोज संध्याकाळी कळवायचे ठरले. पाचव्या रात्री ती नीट झोपली. पुढची कपात दरवेळी अधिक सावकाश केली.

सर्वांत अवघड प्रसंग औषधांचा नव्हता. निदानाबद्दल शंका आहे हे ऋताला सांगितले तेव्हा तिला आनंद होईल असे आईबाबांना वाटले होते. ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, ‘बायपोलर नाही, तर मग मी नुसतीच वाईट आहे का?’ अकरा महिने त्या नावाने तिला एक आधार दिला होता. आईला मारले ते आजाराने मारले, मैत्रीण तुटली ती आजारामुळे. नाव काढून घेतल्यावर सगळी जबाबदारी एकट्या तिच्या अंगावर पडत होती. निदान मागे घेताना त्याच्या जागी काय ठेवायचे, याची तयारी निदान करण्याइतकीच काळजीपूर्वक व्हायला हवी, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर येते. आमच्या मानसशास्त्रज्ञांनी पुढच्या काही भेटी फक्त यासाठी दिल्या. प्रगतिपुस्तके तिच्यासमोर मांडली. लक्ष टिकवणे आणि भावना आवरणे या दोन्हींत मेंदूच्या काही समान यंत्रणा कामाला येतात, दिवसभर शाळेत स्वतःला सांभाळून घरी आल्यावर बांध का फुटतो, हे तिच्याच आठवड्यातली उदाहरणे घेऊन बोलले गेले. दुसरीतला शेरा वाचून ती म्हणाली, ‘म्हणजे हे तेव्हापासून आहे?’ त्यानंतर ती स्वतःहून प्रश्न विचारू लागली.

एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट द्यायचे का, यावर आमच्यातच मतभेद होते. बायपोलर असलेल्या व्यक्तीला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय मिथाइलफेनिडेट दिल्यास मेनियाचा धोका वाढतो. दोन्ही जुनी औषधे बंद होऊन चार महिने नोंदवही सपाट राहिल्यावरच, सर्वांत कमी डोसने सुरुवात केली. झोप सलग दोन रात्री पाच तासांखाली गेली आणि तरीही ती ताजीतवानी दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी कळवायचे, असे कागदावर लिहून आईबाबांना दिले. सोबत चिंतेसाठी आणि राग आवरण्यासाठी समुपदेशन, आणि आईबाबांसाठी वेगळ्या भेटी चालू होत्या. त्यांतला एक साधा नियम फार उपयोगी पडला: भडका उडालेला असताना कारण विचारायचे नाही, तासाभराने विचारायचे.

## परिणाम

पहिल्या भेटीला दोन वर्षे झाली आहेत. या काळात मेनिया किंवा हायपोमेनियाचा एकही एपिसोड नोंदला गेलेला नाही. वाढलेल्या १४ किलोंपैकी नऊ उतरले, पाळी नियमित झाली. वर्गात ती शेवटपर्यंत पेपर सोडवते, हे तिला स्वतःला मोठे वाटते. रागाचे उद्रेक आठवड्याला एकदोन होते, ते महिन्याला एकदोन झाले. ते थांबलेले नाहीत. परीक्षेआधीची चिंता अजून आहे. पेंगण्यात गेलेल्या वर्षाचे गणित अजून कच्चे आहे, आणि तुटलेली मैत्रीण परत आलेली नाही. शाळेतल्या काही जणांच्या तोंडी जुने नाव अजूनही येते. औषध बंद करता येते, पसरलेली बातमी मागे घेता येत नाही.

## काय वेगळे करता आले असते

सर्ट्रालिनचा डोस सावकाश वाढवता आला असता, आणि पहिल्या काही आठवड्यांत तगमग दिसली तर काय करायचे हे घरच्यांना आधीच सांगता आले असते. नैराश्यावरील औषध घेणाऱ्या मुलांवर सुरुवातीला बारीक लक्ष हवे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ पासून त्यांच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायला लावला आहे. आईला तो कोणी समजावून सांगितला असता तर शुक्रवारी गोळी बंद करण्याचा निर्णय तिने एकटीने घेतला नसता.

दुसऱ्या डॉक्टरांकडे बुधवारी ऋता आली तेव्हा ती शांत होती. वर्णन मात्र मागच्या दहा दिवसांचे ऐकले गेले. ‘काल रात्री किती झोपली?’ या एका प्रश्नाने वाट बदलली असती. ती झोपली आहे आणि संशयित औषध बंद आहे, हे कळल्यावर एक-दोन आठवडे बारीक लक्ष ठेवून थांबणे शक्य होते. मात्र ती खरोखरच झोपेविना, बेफाम, धोका पत्करणारी असती, तर थांबणे चुकीचे ठरले असते, तातडीचे औषध द्यावेच लागले असते. तेव्हाही निदानाच्या रकान्यात ‘औषधानंतरची तगमग, बायपोलरची शक्यता तपासणे’ असे लिहिता येते. तातडीचा उपचार आणि कायमचे निदान एकाच बैठकीत व्हायलाच हवे असे नाही.

उलट बाजूचा धोका तितकाच खरा आहे. खऱ्या बायपोलरचे निदान अनेकदा वर्षानुवर्षे लांबते, नैराश्य म्हणून उपचार होत राहतात, आणि त्या काळात माणसे शिक्षण, नोकरी, कधीकधी जीव गमावतात. मामांना लिथियम वेळेत मिळाले म्हणून ते आज उभे आहेत. म्हणून ऋताच्या फाइलमध्ये ‘बायपोलर नाही’ असे लिहिलेले नाही. एडीएचडी आणि चिंता ही निदाने आहेत, त्याखाली मामाचा आजार नोंदलेला आहे, सर्ट्रालिनवर काय झाले ते तारखांसह लिहिले आहे, आणि पंचविशीपर्यंत दर सहा महिन्यांनी, तसेच नैराश्याचा नवा काळ आला तर लगेच, फेरतपासणी करावी अशी सूचना आहे. त्या कागदाची एक प्रत ऋताकडे आहे. पुढे ती जिथे जाईल तिथल्या डॉक्टरांना तिने आधी तो दाखवावा, असे तिच्याशी बोलून ठरले आहे.